भीती, विश्वास आणि औषधाची गोळी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

श्रद्धा आणि मनाचे आजार यांविषयी आपल्या वाचकांच्या पत्रांमधून गेले काही दिवस जी चर्चा चालली आहे, तिची दोन टोके मला अस्वस्थ करून गेली. एका पत्रलेखकाच्या मते प्रार्थना म्हणजे भित्र्या माणसाने स्वतःची घातलेली खोटी समजूत. दुसऱ्याच्या मते मनापासून प्रार्थना करणाऱ्याला भीती शिवूच शकत नाही, आणि शिवलीच तर त्याचा विश्वास कच्चा समजावा. मी वेंगुर्ले तालुक्यातील कॅथलिक बाई आहे. उमेदीची सगळी वर्षे परिचारिका म्हणून सरकारी नोकरीत गेली आणि निवृत्तीनंतर आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतील, आजारी व एकाकी माणसांच्या घरी जाऊन बसणे, त्यांनी म्हटले तर त्यांच्यासोबत बायबलमधील शास्त्रवाचन करणे, एवढे काम मी करते. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते ते असे की, बायबल घाबरलेल्या माणसाला गप्प करत नाही, त्याला बोलू देते. आणि त्याला धीर देताना अन्न, झोप, वैद्य, सोबत यांपैकी कशालाही बाजूला सारत नाही. दोन्ही पत्रलेखकांनी ज्या श्रद्धेविषयी लिहिले, ती मला त्या ग्रंथात सापडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर भीतीला निमित्त शोधावे लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते, त्याच वर्षी जुलैत चिपळुणात शिरलेले पाणी, ही नावे निघाली की आजही माणसे क्षणभर बोलायची थांबतात. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला आहे आणि घरचा माणूस अजून दर्यात आहे, अशी रात्र ज्या घराने काढली त्या घराला भीती म्हणजे काय ते कोणी शिकवू नये. मुलगा बोटीवर नोकरीला, सून पोटुशी, फोन लागत नाही. जाळ्यांसाठी आणि इंजिनासाठी काढलेले कर्ज, त्यात जून-जुलैची मासेमारीबंदी. कलमांना आलेला मोहोर अवकाळी पावसाने काळा पडलेला. ही सगळी भीती कळण्यासारखी आहे. पण रात्री अचानक छाती धडधडू लागते, हातापायांना घाम सुटतो, आता जीव जाणार असे वाटते आणि सकाळी ईसीजी काढला तर तो निर्दोष निघतो, अशी भीती घेऊन येणारी माणसेही मी रुग्णालयात पुष्कळ पाहिली. त्यांतली कित्येक आधी घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जाऊन आलेली असत. आम्हा ख्रिस्ती लोकांना त्यांना हसण्याचा अधिकार नाही, कारण आमच्यातही अशा माणसाला ‘तुमची प्रार्थना कमी पडते’ असे सांगणारे भेटतात, आणि दोन्हीकडे दुखणे राहते बाजूलाच.

कोकणात गाऱ्हाणे घालणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायला नको. देवळासमोर उभा राहून मानकरी ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून साद घालतो, गावावर आलेले अरिष्ट बिनदिक्कत मांडतो, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्याला दुजोरा देतात. बायबलच्या स्तोत्रसंहितेत एकूण दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अशी गाऱ्हाणीच आहेत. फरक एवढाच की स्तोत्रकर्ता पुष्कळदा खुद्द देवाचीच तक्रार देवाकडे करतो. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन कडव्यांत तो देवाला चार वेळा ‘किती काळ’ असे विचारतो: किती काळ मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर इतके काळेकुट्ट आहे की त्यात शेवटी आशेची एक ओळसुद्धा येत नाही. जिवलग दूर गेले आणि अंधार तेवढा सोबतीला उरला, असे म्हणून ते संपते. कोणाही शहाण्या संपादकाने ते वगळले असते. चर्चने ते वगळले नाहीच, उलट दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेसाठी नेमून दिले. जगभरातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी आठवड्यातून एका रात्री झोपण्यापूर्वी ते म्हणतात, मग त्या रात्री त्यांचे स्वतःचे मन कितीही प्रसन्न असो. ज्याला त्या रात्री ते शब्द हवे असतील त्याच्या वतीने ते म्हटले जातात, असा मी त्याचा अर्थ लावते. खचलेल्या माणसाजवळ बसून हे स्तोत्र वाचले की तो बहुधा ‘असले बायबलात आहे?’ असे विचारतो आणि मग स्वतःचे बोलू लागतो. उपदेशाची वीस वचने ऐकवून जे होत नाही ते या एका स्तोत्राने झालेले मी पाहिले आहे.

यावर कोणी म्हणेल की बायबलात ‘भिऊ नको’ असेही पुष्कळ ठिकाणी सांगितले आहे. सांगितले आहेच. हे वचन बायबलात बरोबर ३६५ वेळा, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक, येते असा एक संदेशही मोबाइलवर दरवर्षी फिरतो. तो खरा नाही. भाषांतरागणिक आकडा थोडाफार बदलतो, पण ३६५ च्या तो बराच खाली राहतो. (देवाच्या कृपेला कॅलेंडरच्या हिशेबात बसवण्याची आम्हाला इतकी हौस का, हे मला कळलेले नाही.) आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते हे वचन कोणाला आणि कधी उच्चारले गेले. वाळवंटात पाणी संपल्यावर लेकराला झुडपाखाली टाकून दूर जाऊन रडणाऱ्या हागारेला, देवदूताला पाहून गोंधळलेल्या मरियेला, रात्री रानात दचकलेल्या मेंढपाळांना ते म्हटले गेले. यांतल्या कोणालाही तू का घाबरलीस वा घाबरलास म्हणून दोष दिलेला नाही. हागारेला तर त्या शब्दांपाठोपाठ पाण्याची विहीर दाखवली आहे.

येशूने वादळात शिष्यांना ‘तुम्ही इतके भित्रे कसे? अजून तुम्हाला विश्वास नाही का?’ असे विचारले, हा प्रसंग मात्र मला टाळता येणार नाही, कारण घाबरलेल्या माणसाला झोडपण्यासाठी तोच नेमका वापरला जातो. त्या शिष्यांत पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान हे चौघे धंद्याने मच्छीमार होते. पाणी भरणारी होडी किती वेळ तरते याचा अंदाज त्यांना तुमच्या-आमच्याहून चांगला होता. येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. त्याला त्यांनी उठवले ते विनवणी करून नव्हे. आम्ही बुडत आहोत आणि तुम्हाला त्याचे काहीच नाही का, असे ते चिडूनच बोलले. मार्कने लिहिलेल्या वृत्तांतात तो आधी वारा शांत करतो आणि मग प्रश्न विचारतो. मत्तयच्या वृत्तांतात क्रम उलटा आहे, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणून क्रमावर मी फार भिस्त ठेवत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: विश्वास तोकडा असला तरी त्यांची होडी त्याने बुडू दिली नाही. आणि ज्याने हा प्रश्न विचारला तोच पुढे गेथशेमानेच्या बागेत मरणाच्या आदल्या रात्री इतका व्याकूळ झाला की लूकच्या शुभवर्तमानानुसार, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रानुसार, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्याने मित्रांना जागे राहून सोबत करायला सांगितले; ते झोपले. भीती हे अविश्वासाचे लक्षण मानायचे तर त्या बागेतील ख्रिस्ताला काय म्हणायचे, याचे उत्तर दुसऱ्या पत्रलेखकाने द्यावे.

वचनांचा ताईत करणे हा आमच्यातला आणखी एक दोष. एक्क्याण्णववे स्तोत्र रात्रीच्या दहशतीपासून आणि मरीपासून रक्षणाचे आश्वासन देते, म्हणून ते कित्येक घरांच्या दारावर लावलेले असते आणि करोनाच्या काळात तर ते अक्षरशः घराघरांत मोबाइलवरून पोहोचले. स्तोत्र सुंदर आहे. मी स्वतः ते रोज रात्री म्हणते. पण शुभवर्तमानात हेच स्तोत्र सैतानाच्या तोंडी येते याची आठवण फार कमी जणांना असते. मंदिराच्या शिखरावर येशूला उभे करून तो म्हणतो, खाली उडी टाक, कारण देवदूत तुला हातांवर झेलतील असे लिहिलेले आहे. येशू उडी टाकत नाही. वचनावर विसंबून औषध बंद करणे, मुखपट्टी न वापरणे, बावटा चढलेला असताना होडी लोटणे, या सगळ्या उड्याच आहेत, आणि त्यांना विश्वास हे नाव देणे मला मान्य नाही.

या विषयावर बायबलातील एकच अध्याय वाचायला सांगा असे कोणी म्हटले तर मी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय सांगेन, आणि तो किनाऱ्यावरच्या माणसाला जितका कळेल तितका घाटावरच्याला कळणार नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला नेला जात आहे. हंगाम सरलेला आहे, पुढे जाणे धोक्याचे आहे असे तो बजावतो, पण पहाऱ्यावरचा शताधिपती त्याचे न ऐकता तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकतो. मग ईशान्येचा वारा सुटतो. खलाशी जहाजाला खालून दोरखंडांनी आवळतात, दुसऱ्या दिवशी माल आणि तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामान समुद्रात फेकतात, कित्येक दिवस सूर्य दिसत नाही की तारे दिसत नाहीत, आणि हे सारे लिहिणारा सहप्रवासी सरळ कबूल करतो की आता वाचण्याची आमची आशा सुटली. त्या स्थितीत पौल उभा राहून बोलतो. पहिले वाक्य तो काय उच्चारतो? माझे ऐकले असते तर ही वेळ आली नसती! संतांनाही हा मोह आवरत नाही हे वाचून मला दर वेळी हसू येते. त्यानंतर तो सांगतो की रात्री देवाचा दूत माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, पौला, भिऊ नको, तुझ्याबरोबर प्रवास करणाऱ्या सर्वांचे प्राण देवाने तुला दिले आहेत.

येथवर सगळे उपदेशक वाचतात. पुढचा भाग वाचायचा राहतो. देवाचे आश्वासन मिळाले म्हणून जहाजावर कोणीही हातावर हात ठेवून बसलेला नाही. चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याची चाहूल लागताच खलाशी ओळंबा सोडून पाण्याची खोली मोजतात, ती आधी वीस वाव आणि थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव भरते, आणि खडकावर आपटू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकून दिवस उजाडण्याची वाट पाहतात. काही खलाशी नांगर टाकण्याच्या बहाण्याने लहान होडी उतरवून पळू पाहतात तेव्हा पौल शताधिपतीला सांगतो की हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. सगळे वाचतील हे ज्याला देवदूताने सांगितले, तोच सांगतो आहे की काम जाणणारी माणसे जहाजावर हवीत. मग पहाटे तो सर्वांना जेवायचा आग्रह करतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, खाल्लेत तर तग धराल असे म्हणतो, स्वतः भाकर घेऊन देवाचे आभार मानतो आणि सगळ्यांच्या देखत खाऊ लागतो. दोनशे शहात्तर माणसे होती. ती जेवली आणि त्यांना धीर आला. जहाज शेवटी फुटलेच. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागले. वचन खरे ठरले, जहाज मात्र वाचले नाही, आणि भीतीच्या दिवसांत शास्त्राकडून कशाची अपेक्षा ठेवावी याविषयी याहून प्रामाणिक वर्णन मला माहीत नाही.

हा वृत्तांत परंपरेने ज्याच्या नावावर आहे त्या लूकला पौलाने एका पत्रात ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे. आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी गेल्या शतकात जे रुग्णालय चालवले त्याला याच संत लूकचे नाव आहे. तेथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा वेंगुर्ल्यातच १९१९ साली जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला, ही गोष्ट जुनी माणसे अजून अभिमानाने सांगतात. ही माणसे प्रार्थना करणारी होती आणि औषधेही देत होती. त्यांत विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही. कॅथलिक बायबलातील सिराखच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात तर आजारपणात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. एलियाची कथाही अशीच आहे. जिवाच्या भीतीने पळून रानात झुडपाखाली बसलेला हा संदेष्टा देवाकडे मरण मागतो. देवाचा दूत त्याला ना रागावतो ना उपदेश करतो. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो, आणि ‘तुला वाट फार दूरची आहे’ एवढेच म्हणतो. मनाच्या आजारात झोप आणि आहार आधी सावरावा लागतो, हे आम्हाला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात शिकवले होते.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. एका प्रार्थनासभेत ‘गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास’ असे ऐकून आलेल्या एका बाईने सुरू असलेले औषध एकदम बंद केले आणि तिची काय दशा झाली ते मी जवळून पाहिले. कोणत्या पंथाची सभा ते लिहून वाद वाढवायचा नाही. असे बोलणारे आमच्यासकट सगळीकडे आहेत. मनावरची बरीच औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागतात, ती मध्येच तोडली तर त्रास उलटतो. रक्तदाबाची गोळी सोडा असे कोणी प्रवचनात सांगत नाही, मग ही गोळी तेवढी अविश्वासाची कशी?

आता पहिल्या पत्रलेखकाविषयी. प्रार्थनेने मन शांत होते ही निव्वळ समजूत आहे, असे त्यांना वाटते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधून जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावले असता दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम दिसला. आमच्याकडे संध्याकाळी घरात सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याची रीत आहे. एकाने अर्धा ‘नमो मरिया’ म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी. त्या लयीत धडधडणारी छाती निवते हे आमच्या आजींना जर्नल न वाचता ठाऊक होते. अर्थात या अभ्यासाने ख्रिस्ती श्रद्धा सिद्ध होत नाही, कारण मंत्रानेही तेच घडले, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. श्वास निवणे हे शरीराचे झाले. श्रद्धावंताला त्याच्यापलीकडे जे मिळते ते म्हणजे आपले बोलणे कोणीतरी ऐकते आहे हा भरवसा. तो मोजता येणार नाही, पण ज्याच्यापाशी तो आहे त्याची रात्र वेगळी जाते, एवढे मी साक्षीदार म्हणून सांगू शकते. ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो,’ असे पेत्राच्या पत्रात आहे. पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला, कशाचीही चिंता करू नका असे लिहिले तेव्हा तो स्वतः बंदिवासात होता, आणि त्याच वाक्यात तो पुढे सांगतो की जे काही हवे ते आभार मानून देवाला कळवा. चिंता गिळून टाका असे तो म्हणत नाही, ती बोलून दाखवायला सांगतो. प्रत्येक मिस्साबलिदानात ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना झाल्याबरोबर धर्मगुरू मनाच्या सर्व अस्वस्थतेपासून आम्हाला सुरक्षित ठेव अशी विनंती करतात. म्हणजे भर उपासनेत बसलेल्यांपैकी कितीतरी जण अस्वस्थ असणार हे चर्चने गृहीतच धरले आहे.

म्हणून किनाऱ्यावरच्या सर्व धर्मग्रामांतील फादर, सिस्टर आणि पाळकांना माझी विनंती आहे की घाबरलेल्या माणसाला वचन देण्याआधी त्याचे ऐकावे, तो रात्री झोपतो का आणि जेवतो का हे विचारावे, आणि चालू औषधाला हात लावू नये. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय सर्वांना ठाऊक आहे, पण त्या नावाची धास्ती इतकी आहे की माणसे वेळेवर तेथे जात नाहीत. तेवढे लांब न जाता घरबसल्या बोलता येईल अशी सोय ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेने केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर मिस्साच्या वेळापत्रकाशेजारी लावायला काहीच खर्च येत नाही.

आपल्यालाही एक विनंती. दैनिकात आपण हवामानाचा अंदाज आणि मच्छीमारांसाठीचा इशारा जेथे छापता, त्याच चौकटीत १४४१६ हा क्रमांक रोज छापावा. वादळाचा इशारा ज्या घरात वाचला जातो, त्याच घरात त्या रात्री या क्रमांकाची गरज लागण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग